१९५० मध्ये राष्ट्रपती निवडले कोणी? तेव्हा खासदार होतेच कुठे?

पहाटेचा_अभ्यास

राज्यसेवेची तयारी करतोय. काल रूमवर यावरून दोन तास वाद झाला. अनुच्छेद ५४ सांगतो की संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य राष्ट्रपती निवडतात. पण पहिली लोकसभा १९५२ ची, आणि राजेंद्रबाबू राष्ट्रपती झाले २६ जानेवारी १९५० ला. मग मतं दिली कोणी? माझ्याकडच्या एका गाइडमध्ये सरळ 'संसदेने निवडले' असं छापलंय. रूममेट म्हणतो, गव्हर्नर जनरलने नेमलं. दोन्ही पटत नाही. राज्यघटनेचं पुस्तक चाळलं, त्यातही काही सापडलं नाही.

कोयनाकाठ

दोन्ही चूक आहे, आणि तुला पटलं नाही हे बरंच झालं. मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी एखादा तरी मुलगा विचारायचा.

उत्तर अनुच्छेद ३८० मध्ये होतं. अनुच्छेद ५४ प्रमाणे राष्ट्रपती निवडला जाईपर्यंत संविधान सभा ज्याला निवडेल तो राष्ट्रपती, अशी ती तात्पुरती सोय होती. तुला ती सापडली नाही कारण १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत ३७९ ते ३९१ हे सगळे अनुच्छेद रद्द झाले. आजच्या पुस्तकात तिथे फक्त 'रद्द' अशी नोंद असते आणि आपण पान उलटतो.

म्हणजे निवडलं संविधान सभेने. तारीख २४ जानेवारी १९५०, सभेच्या कामकाजाचा शेवटचा दिवस. सभेचे सचिव एच. व्ही. आर. अय्यंगार उभे राहिले आणि म्हणाले की एकच अर्ज आला आहे, डॉ. राजेंद्र प्रसादांचा. सूचक पंडित नेहरू, अनुमोदक सरदार पटेल. म्हणून ते निवडून आल्याचं जाहीर करतो. झाली निवडणूक. मतपेटी नाही, मोजणी नाही. राजेंद्रबाबू स्वतःच सभेचे अध्यक्ष, त्यामुळे आपल्याच निवडीची घोषणा त्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ऐकली.

दख्खनचा_वाटसरू

बाई, माहिती छान दिलीत. पण एकच अर्ज म्हणजे निवडणूक कसली? वरच्या दोघांनी ठरवलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

कोयनाकाठ

तुमचा प्रश्न रास्त आहे, वर्गातही हाच यायचा. पण तुम्ही समजता त्याच्या उलट घडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेहरूंना राजेंद्रबाबू नको होते. म्हणजे माणूस म्हणून नव्हे, राष्ट्रपती म्हणून. त्यांच्या मनात राजाजी होते. राजगोपालाचारी जून १९४८ पासून गव्हर्नर जनरल होते, काम नीट चाललं होतं, तेच पुढे राहिले की झालं, असा विचार. १० सप्टेंबर १९४९ ला नेहरूंनी राजेंद्रबाबूंना तसं पत्र लिहिलं आणि त्यात वल्लभभाईंचंही हेच मत आहे असं सुचवलं. राजेंद्रबाबूंना ते फार लागलं. हे पद मी मागितलेलं नाही, पण बाजूला करायचंच होतं तर जरा मानाने करायचं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी धाडलं आणि पटेलांनाही कळवलं. मग नेहरूंना मान्य करावं लागलं की ते पत्र त्यांनी आपल्या एकट्याच्या मनाने लिहिलं होतं.

पुढे काँग्रेस पक्षाच्या सदस्यांच्या बैठकीत नेहरूंनी राजाजींचं नाव काढलं, तर सदस्य बिथरले. राग १९४२ चा होता. 'छोडो भारत' मध्ये ही माणसं तुरुंगात गेली होती आणि राजाजींनी त्या आंदोलनाला उघड विरोध केला होता. तुरुंग भोगून जेमतेम पाच-सात वर्षं झालेला माणूस हे कसं विसरेल? राजेंद्रबाबू मात्र त्याच ऑगस्टमध्ये पाटण्यात पकडले गेले आणि जवळपास तीन वर्षं बांकीपूरच्या तुरुंगात होते, दम्याचा विकार असताना. पटेलांचा कलही हळूहळू त्यांच्याकडेच दिसू लागला. पंतप्रधानाचं म्हणणं त्याच्याच पक्षाने खाली ठेवायला लावलं, तेही नेहरूंसारख्या पंतप्रधानाचं.

म्हणून मला त्या एकाच अर्जाचं मोल फार वाटतं. त्यावर सूचक म्हणून नाव कुणाचं? ज्याला दुसरा माणूस हवा होता त्याचंच. भांडण पत्रांत झालं, बैठकीत झालं, आणि सभागृहात येईपर्यंत मिटलेलं होतं. हे दार लावून झालं ही तुमची तक्रार खरी आहे, ती मी खोडत नाही. पण माना डोलावणं म्हणाल तर ते मला मान्य नाही.

राजाजींचंही सांगायला हवं. २६ जानेवारीला सकाळी दिल्लीत गव्हर्न्मेंट हाउसच्या दरबार हॉलमध्ये भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा वाचली ती राजाजींनीच. मग सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी राजेंद्रबाबूंना शपथ दिली. ज्या खुर्चीवर आपण बसणार अशी चर्चा चार महिने चालली, ती जागा त्यांनी स्वतः रिकामी करून दिली. पुढे त्याच वर्षी ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात आलेही. आणि राजेंद्रबाबूंच्या थोरल्या बहिणीचं, भगवतीदेवींचं, आदल्या रात्रीच निधन झालं होतं. शपथ, संचलन, सगळं आटोपून मग ते अंत्यविधीला गेले. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी बसायचा.

चहा_बिनसाखर

२४ तारखेला संविधानावर सह्याही झाल्या ना? राजेंद्रबाबूंची सही नेहरूंच्या वर कोंबलेली आहे असं ऐकलंय.

कोयनाकाठ

हो, त्याच दिवशी. एका ग्रंथालयात हस्तलिखित प्रतीची छापील प्रतिकृती आहे, तिथे मी ती सही डोळ्यांनी पाहिली आहे. ग्रंथपालांनी दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवली, इतकी जड. सह्यांचं पहिलं पान उघडलं की नेहरूंची सही ऐसपैस. तिच्या वर, मजकूर संपतो तिथल्या चिंचोळ्या जागेत, तिरकी होत गेलेली राजेंद्रबाबूंची सही. सभेचा अध्यक्ष म्हणून त्यांची पहिली असायला हवी होती, पण जागाच उरली नव्हती. मी बराच वेळ ते पान बघत होते. त्या दिवशी २८४ जणांनी सह्या केल्या.

पहाटेचा_अभ्यास

बाई, खूप आभार. रूममेटलाही वाचून दाखवलं, तो गप्प झाला. एकच शेवटचं: मग १९५२ ला पुन्हा बिनविरोधच का?

कोयनाकाठ

नाही रे, तेव्हा खरी लढत झाली, पाच उमेदवार होते. मे १९५२ मध्ये अनुच्छेद ५४ प्रमाणे पहिल्यांदा मतदान झालं. एका खासदाराच्या मताचं मूल्य ४९४ होतं, म्हणजे त्याचं एक मत ४९४ धरून मोजलं जायचं, हे लिहून ठेव, विचारतात. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मतं मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर के. टी. शाह, ९२,८२७. शाह म्हणजे मुंबईचे अर्थतज्ज्ञ. राष्ट्रपती थेट जनतेच्या मतांनी निवडावा म्हणून संविधान सभेत हेच गृहस्थ भांडले होते आणि ती दुरुस्ती हरले होते. जी पद्धत त्यांना मान्य नव्हती तिच्यातूनच ते उभे राहिले. मला ते आवडतं, कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं.

तिसऱ्या क्रमांकाचं नाव मी मुलांना मुद्दाम फळ्यावर लिहायला लावायचे: लक्ष्मण गणेश थत्ते, २,६७२ मतं. आडनाव वाचून मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करायचे आणि विचारायचे, "बाई, आपल्यातले?"

तुझ्या गाइडमधल्या त्या ओळीवर काट मार आणि शेजारी '३८०' लिही. पुढे ज्याच्या हातात ते पुस्तक जाईल त्याचे दोन तास वाचतील.