दानीएलाची भाजी आणि प्रीतीभोजनाचं मटण

मिरजेची सिस्टर
लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागल्यापासून एक पोस्ट सांगली-साताऱ्याच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपांवर फिरतेय. मला चौघांनी पाठवली, त्यातल्या दोघांनी खाली हात जोडलेत. मथळा: 'सुटलेलं पोट ही सैतानाची साक्ष'. मजकूर थोडक्यात असा, की शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर, बायबलात गलतीकर पाचमध्ये इंद्रियदमन हे आत्म्याचं फळ, तेव्हा ज्याचं वजन जास्त त्याला ते फळ लागलेलंच नाही. उपाय म्हणून चाळीस दिवस बायबलातल्या, बाबेलच्या राजाकडे नेलेल्या दानीएलासारखं भाजी-पाणी आणि शुक्रवारी कडकडीत उपास. शेवटी मोठ्या अक्षरांत 'सबबी नकोत'.

छत्तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, म्हणून एक सबब सांगते. माझी आई शुगरची पेशंट. एका उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सकाळी शुगरची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, पण पोटात काही घातलं नाही. म्हणे प्रभू वधस्तंभावर तहानलेला आणि मी भाकरी खाऊ? बारा ते तीनची उपासना. वधस्तंभावरच्या सात उद्गारांतल्या पाचव्याला, 'मला तहान लागली आहे' चाललं असताना, बाकावरून खाली. आजूबाजूच्या बायांना वाटलं आत्म्याने भारली. मी हात धरला तर बर्फासारखा गार, पदर घामाने भिजलेला. चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून पाजली तेव्हा डोळे उघडले. पोटात अन्न नसताना ती गोळी रक्तातली साखर पार खाली नेते, आणि पोस्ट लिहिणाऱ्याला वाटतं उपास म्हणजे नुसती भूक मारणं.

आणि दानीएल 1:15 वाचा जरा. दहा दिवस भाजी-पाणी घेऊन ती पोरं राजाच्या ताटावरच्या पोरांपेक्षा अंगाने जास्त पुष्ट दिसली. पुष्ट! राजाच्या अन्नाने विटाळ होऊ नये म्हणून दानीएलाने ते ताट नाकारलं होतं. कंबर कमी करायला नव्हे.

कोरेगावचा घेवडा
सिस्टर, हात जोडणाऱ्या दोघांतला एक मी. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

आईंचं वाचून वाईट वाटलं. पण माझेही वडील बावन्नाव्या वर्षी गेले, हार्ट अटॅकने. प्रेतापुढे सांगितलं गेलं, 'प्रभूची इच्छा'. प्रभूची इच्छा कसली? रोज दोन वेळा तेलात पोहणारा रस्सा आणि जेवणानंतर गूळ. मी स्वतः 104 किलोला पोचलो होतो, तरी मंडळीत एकाने कधी शब्द काढला नाही. दारू प्यायलेल्याला पंचांपुढे उभं करता, आणि तिसऱ्यांदा बिर्याणी घेणाऱ्याला 'घ्या हो अजून'! नीतिसूत्रे 23 मध्ये दारुडे आणि खादाड एकाच ओळीत बसवलेत. आपण त्यातला अर्धाच वाचतो.

पाळकसाहेबांबरोबर रविवारी घरभेटींना गेलात कधी? सहा घरं, सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे. पन्नासेक ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पंचवीसच्या आत राहिलात तर बरं. नको म्हटलं की ताई रुसतात.

मथळा वाईट आहे, कबूल. मुद्दा वाईट नाही.

वाईची लेक
ताई रुसतात कारण चहा नाही घेतला तर सासूबाई विचारतात, तू काय बोललीस त्यांना?

पोस्टवाला चाळीस दिवस दानीएल होणार. त्याच्या दानीएलाच्या भाज्या कोण निवडणार? बाबेलात शिजवायला कारभारी होता. आमच्याकडे मागच्या लेंटात सासरे, नवरा आणि दीर तिघे उपासाला बसले, प्रत्येकाचा उपास वेगळा. एकाला नुसती फळं, एकाला बिनतेलाची भाजी, आणि एकाला साबुदाणा खिचडी. कुठल्या शास्त्रात लिहिलाय साबुदाणा? शेजारच्यांचं बघून सगळं. इंद्रियदमन त्यांचं, गॅसपुढे उभी मी.

तासगावचा बेदाणा
सगळ्यांची गाडी ताटापाशीच येतेय, तर साधा उपाय सुचवतो. निदान लेंटपुरतं तरी प्रीतीभोजन, मंडळीचं एकत्र जेवण, शाकाहारी ठेवा. खर्च कमी, तेल कमी, शेजारची हिंदू मंडळीही निवांत बसतील. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. आपल्या पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या विश्वासात काय उणं पडलं?

कराडचा मर्दगडी
आलं बगा. वाटच बघत होतो, कधी येतंय म्हणून.

बेदाणा, तुमच्या घरी किती पिढ्या शाकाहार हे मी विचारत नाही, वास येतो. आमच्या पणज्याला गावच्या आडाला हात लावायची सोय नव्हती. तो पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवला ते मिशनच्या आवारात. ताटात मटण होतं आणि शेजारी बसलेला माणूस उठून गेला नाही. आमच्या घरात ही गोष्ट नाताळला दरवर्षी सांगतात, रस्सा वाढता वाढता. तेव्हा मटणाला हात लावण्याआधी त्या पंगतीचा विचार करा. यापोच्या गच्चीवर पेत्राला दर्शनात आकाशातून उतरलेली जी चादर दिसली, 'मारून खा' म्हणून, त्यात जनावरं होती, पालेभाजी नव्हती.

तासगावचा बेदाणा
वास येतो म्हणजे काय? माझ्या आडनावावरून मला ओळखता होय? मी मटण खातो, गेल्याच रविवारी खाल्लं. आणि ती चादर अन्नासाठी नव्हतीच, कर्नेल्याच्या, म्हणजे यहुदी नसलेल्याच्या, घरी जायला पेत्र कचरत होता म्हणून होती. पंगतीचाच मुद्दा आहे तो, तुमचाच.

कराडचा मर्दगडी
मग माझ्या बाजूने बोलताय की विरुद्ध, ते तरी ठरवा. करिंथची गोष्ट मूर्तीपुढच्या मांसाची हाय. आमच्या बोकडाला कुणापुढं ठेवलेलं नसतं, थेट पातेल्यात जातं.

रमाबाईंचा मान आहेच. पण त्यांचा नेम त्यांचा. रोमकर 14 दोन्हीकडून बोलतं: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. तुम्ही पहिलं वाक्य वाचताय.

वाईची लेक
दादा, पंगतीची गोष्ट ऐकून डोळ्यात पाणी आलं, खरंच. फक्त एक विचारते. त्या पंगतीला तुमच्या पणजीबाई बसल्या होत्या की वाढत होत्या?

कराडचा मर्दगडी
…वाढत होती. पटलं. आता गप बसतो.

कोरेगावचा घेवडा
गप बसायच्या आत वजनाचं बोला की कुणीतरी! धागा पोटाचा होता, गेला बोकडावर.

मिरजेची सिस्टर
तेच म्हणते. घेवडाभाऊ, तुमच्या वडिलांबद्दल मी काही बोलत नाही, तुमचा राग कळतो. चहाचं मान्य, शंभर टक्के. पण तुम्ही काट्यावर विश्वास मोजताय. आपल्या लोकांना गोऱ्यांपेक्षा कमी वजनावर शुगर लागते. माझ्या वॉर्डात पंचावन्न किलोचे, गालफडं बसलेले शुगरवाले किती होते! त्यांच्यात इंद्रियदमनाचं फळ लागलेलं म्हणायचं का? आणि थायरॉइडने फुगलेल्या, दम्याला स्टेरॉइड घेणाऱ्या बायकांनी तुमचा मथळा वाचला तर त्या चर्चच्या पायरीवरूनच परत फिरतील. आमच्याच गल्लीतली एक मागचे दोन रविवार आली नाही. विचारलं तर म्हणाली, 'पुढच्या बाकावर बसायची लाज वाटते'.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये तुमच्याच साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांना ये म्हणाले. दाराशी वजनकाटा नव्हता ठेवला.

खुद्द प्रभूलाच लोक खादाड आणि दारूबाज म्हणाले होते, मत्तय 11:19.

कोरेगावचा घेवडा
बरं बाई, हरलो. टिळक, मत्तय आणि वॉर्ड, तिघे एकदम अंगावर घातलेत. मथळा मी लिहिलेला नाही, पण माझ्याकडून गेला त्या ग्रुपांवर लिहितो की मथळा चुकला, आणि गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास धरू नये. 'सबबी नकोत' काढतो. भाजी खा हे मात्र काढणार नाही. मी 104 वरून 87 वर आलोय, ते दानीएलामुळे का घेवड्यामुळे ते तुम्ही ठरवा.

मिरजेची सिस्टर
घेवड्यामुळे. अभिनंदन. आता एक काम करा, उपासनेनंतरच्या चहाला एक किटली बिनसाखरेची ठेवायची सूचना पंचांपुढे तुम्हीच मांडा. मी मांडली तर म्हणतील, सिस्टर रिटायर झाल्या तरी ड्यूटी सुटत नाही.

तासगावचा बेदाणा
आणि शाकाहारी प्रीतीभोजनाचं?

कराडचा मर्दगडी
तुम्ही वांगी आणा. बोकड मी आणतो. बघू कुठलं पातेलं आधी रिकामं होतंय.

वाईची लेक
दोन पातेली आणि दोन किटल्या. घासायला कोण येणार, त्याची नावं आत्ताच लिहा खाली. पुरुषांची.

तासगावचा बेदाणा
रविवारी मला शेतात औषध मारायचंय.