मदत हवी आहे: बदल तंतुकणिकेतला की केंद्रकातल्या नकलेतला?

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या, एमएसएच१ जनुक बिघडलेल्या म्युटंटवर काम करतेय. हे जनुक बिघडलं की हरितलवक आणि तंतुकणिका, दोन्हींच्या डीएनएत नवे बदल साठू लागतात. तेच पानांच्या सिक्वेन्सिंगमधून (डीएनएचा क्रम वाचून) मोजायचंय.

हरितलवकाचं ठीक चाललंय. घोडं अडलंय तंतुकणिकेपाशी. तिच्या सुमारे ३,६७,००० बेसच्या जीनोमची भलीमोठी नक्कल २ क्रमांकाच्या गुणसूत्रातही बसलेली आहे, वर तिच्यात स्वतःचे थोडे फरक. त्यामुळे एक-दोन टक्के रीड्समध्ये (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांत) दिसणारा बदल खरा की त्या नकलेतला, कळत नाही.

केंद्रकाचा संदर्भ-जीनोमही जोडून मॅपिंग केलं, म्हणजे रीड्स त्याच्याशी जुळवले, साध्या रोपांतही दिसणारे बदल वगळले. तरी शंका उरतेच, कारण टीएआयआर१० या अरॅबिडॉप्सिसच्या संदर्भ-जीनोममध्ये ती नक्कल अर्धवटच जोडलेली आहे. डुप्लेक्स सिक्वेन्सिंग (डीएनएचे दोन्ही धागे वाचून चुका गाळणारी पद्धत) परवडणार नाही. पानं गोठवलेली, म्हणजे अखंड तंतुकणिका वेगळ्या काढणंही गेलं. बिया मात्र आहेत.

उलटसुलट संकर (एकदा म्युटंट आई, एकदा बाप) करून बदल तंतुकणिकेसारखा फक्त आईकडूनच येतो का, हे पाहिलं तर पुरेल? (इतक्या कमी प्रमाणातला बदल बीजात उतरेलच असंही नाही, ही धाकधूक आहेच.) की आधी लांब रीड्सनी त्या नकलेचा पूर्ण क्रम काढायलाच हवा?