प्रतिदावा आणि बचाव यांत नेमका फरक काय?

प्रश्न: प्रतिवादीने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) वादीचे म्हणणे नाकारले, तर त्यालाच प्रतिदावा म्हणावे का?

उत्तर १: नाही, नुसते नाकारणे हा बचाव झाला. प्रतिदाव्यात प्रतिवादी स्वतः वादीविरुद्ध दाद मागतो, त्यामुळे तो स्वतंत्र दाव्यासारखाच चालतो. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मध्ये १९७६च्या दुरुस्तीने प्रतिदाव्याची तरतूद करणारा नियम ६अ आला; मूळ दावा फेटाळला गेला तरी प्रतिदावा पुढे चालू शकतो, आणि मला हीच त्याची खरी ताकद वाटते.

उत्तर २: वादविवादात मात्र दाद मागायची नसते. ‘गृहपाठ बंद करावा’ या मताविरुद्ध ‘गृहपाठाने स्वाध्यायाची सवय लागते’ हा प्रतिदावा ठरतो. निबंध लिहिणाऱ्याने तो स्वतःहून, मुळीच कमकुवत न करता मांडावा आणि मगच त्याचे खंडन करावे.