एडीएचडी असलेल्यांना ऑफिसच्या मेडिक्लेममधून मदत मिळायला हवी का?

बाणेरकर:
आमच्याकडे ग्रुप मेडिक्लेमचं रिन्युअल चालू आहे म्हणून विषय काढतोय. माझं एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो तो त्रास) निदान तिशीनंतर झालं, तेव्हापासून सायकियाट्रिस्ट, थेरपी, गोळ्या सगळं खिशातून. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट म्हणतो शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा, पण पॉलिसी पैसे देते अ‍ॅडमिट झाल्यावर, आणि एडीएचडीसाठी अ‍ॅडमिट होतं कोण? सगळा मामला ओपीडीचा. कंपनीने ओपीडी कव्हर घ्यावं आणि त्यातून सायकियाट्री वगळू नये, एवढंच म्हणणं.

जुनं_खोड:
माझ्या शुगरच्या गोळ्यांनाही मेडिक्लेम दमडी देत नाही. तसाच म्हणजे तसाच, कायदा पाळला जातोय की! मग तुम्हालाच वेगळं ताट कशाला? आणि हल्ली रील बघून अर्ध्या ऑफिसला एडीएचडी झालाय, फोन बाजूला ठेवा, लागेल लक्ष.

बाणेरकर:
काका, शुगरलाही द्या की, मी कुठे अडवतोय. पण रीलवर निदान होत नाही हो, लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, डॉक्टरांनी माझी प्रगतिपुस्तकं मागितली, आईला तासभर प्रश्न विचारले.

एचआरवाली:
ओपीडीत क्लेम येणारच हे विमा कंपनीला माहीत असतं, त्यामुळे जेवढं कव्हर जवळपास तेवढाच प्रीमियम सांगतात, आमच्यासारख्या छोट्या कंपनीला ते झेपत नाही. काउन्सेलिंगची हेल्पलाइन घेतलीये, पण काउन्सेलर गोळ्या लिहून देऊ शकत नाही, हेही खरं.

ठाण्याची_टेस्टर:
मलाही एडीएचडी आहे आणि मी क्लेम करणारच नाही!! मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची गोळी, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, अर्धे केमिस्ट ठेवतच नाहीत, ठेवतात ते संशयाने बघतात, त्यात ते बिल अजून ऑफिसच्या पोर्टलवर चढवू? मला मेडिक्लेम नको, मीटिंगमध्ये तोंडी फेकलेली कामं मेलवर लिहून द्या आणि पॅन्ट्रीशेजारची जागा बदला.

जुनं_खोड:
हे पटतं. फुकट आहे. फक्त उद्या अप्रेझललाही सवलत मागू नका.

बाणेरकर:
फुकट आहे पण मॅनेजरच्या मर्जीवर आहे ना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. मॅनेजर नाही म्हणाला की दाखवायला कागदच नाही आपल्याकडे. निदान औषधाचे पैसे तरी पॉलिसीत लिहिलेले असावेत.

ठाण्याची_टेस्टर:
४० जणांच्या ऑफिसात सायकियाट्रीचा एक क्लेम रिपोर्टमध्ये दिसला की चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळतं कोणाचा ते. तुमची टीम मोठी असेल, आमची नाही.

एचआरवाली:
म्हणून वेगळं हेड नकोच. विम्याच्या भानगडीत न पडता प्रत्येकाला वर्षाची एक छोटी ठरावीक रक्कम द्यायची, दात, चष्मा, शुगर, सायकियाट्री ज्याला जिथे वापरायची तिथे, आणि बिलं बाहेरच्या एजन्सीने तपासायची, आजारवार रिपोर्ट आम्हाला पाठवायचा नाही हे करारातच लिहून घ्यायचं. रक्कम तुटपुंजी असेल, थेरपीला पुरणार नाही, आत्ताच सांगते.

जुनं_खोड:
चष्मा असेल तर माझी हरकत नाही. पण ही रक्कम इन्क्रिमेंटमधून कापणार नाही ना, ते आधी विचारा.