डोपामिन रिसेप्टरची जनुकं सापडली, पण औषधांत नवं काय आलं?

शहापूरकर_मेडिकल: दुकानातून रोज जाणारी गोळी म्हणजे पँटोप्राझोल-डोम्पेरिडोन. यातलं डोम्पेरिडोन डोपामिनचा (पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) डी-२ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा तो निरोप घेणारा रेणू, अडवतं. ते १९७४ चं, डी-२ च अडवणारं मनोविकाराचं हॅलोपेरिडॉल १९५८ चं. डी-२ चं जनुक मिळालं १९८८ ला, तेही आधी उंदराचं. १९९१ पर्यंत डी-१ ते डी-५ अशी पाचही रिसेप्टरांची जनुकं हाती आली. पुढे काय? स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचं क्लोझापिन डी-४ ला जास्त घट्ट धरतं म्हणून कंपन्या डी-४ मागे धावल्या. फक्त डी-४ अडवणारं औषध १९९७ मध्ये स्किझोफ्रेनियात फेल! गाजावाजा जनुकांचा, गोळ्या जुन्याच.

खानापूरचा_बायोटेकवाला: अण्णा, पूर्वी वासराच्या मेंदूचा लगदा घेऊन रेणू तपासायचे. त्यात सगळे रिसेप्टर मिसळलेले. डी-३ वेगळा आहे हेच १९९० पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. आता माणसाचं एकच जनुक हॅम्स्टरच्या पेशीत घालून त्यावर हजारो रेणू चाळतात. डी-३ ला जास्त धरणारं, मनोविकाराचं कॅरिप्राझिन २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं की.

शहापूरकर_मेडिकल: ते डी-२ लाही चिकटतंच की! मग गुण डी-३ मुळे आला, हे कशावरून?

निपाणीची_मावशी: मध्येच विचारते. डीआरडी-४ (डी-४ चं जनुक) बघून पोरगं धाडसी की कसं ते सांगतो म्हणून लाळेची टेस्ट विकतात. भाची मागवायला निघाली आहे.

खानापूरचा_बायोटेकवाला: मावशी, पैसे वाचवा. त्या जनुकात डीएनएच्या ४८ अक्षरांचा तुकडा कुणात कमी, कुणात जास्त वेळा येतो, एवढंच पक्कं. स्वभावाशी जोडलेलं नातं पुढच्या अभ्यासांत नीट टिकलं नाही.

अण्णा, डी-३ ची शंका रास्त. पण पर्गोलाइड बघा. पार्किन्सनचं औषध, हृदयाच्या झडपा बिघडायला लागल्या म्हणून २००७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढलं. दोष डोपामिनच्या रिसेप्टरचा नव्हता, तो रेणू सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा ५-एचटी-२बी रिसेप्टर पण चेतवत होता. आज नवा रेणू अशा क्लोन केलेल्या (जनुक पेशीत घालून बनवलेल्या) रिसेप्टरांवर आधीच तपासतात, तिथं ५-एचटी-२बी चेतवताना सापडला की बहुतेक वेळा बाद. बाद झालेली गोळी तुमच्या दुकानापर्यंत येतच नाही, मग फायदा दिसणार कुठून?

शहापूरकर_मेडिकल: झडपांचं मान्य. पण ते सेरोटोनिनचं खातं. डी-१ वरचं एखादं औषध दाखवा.

खानापूरचा_बायोटेकवाला: फेनोल्डोपाम. रक्तदाब एकदम चढला तर शिरेतून देतात. पण तो रेणू जनुकाच्या आधीचा, त्यामुळे इथं तुमचीच बाजू वर.