२००३ च्या इराक युद्धात अमेरिकन न्यूज चॅनेल्स दोन गटांत विभागली होती का?

पारावरचा: फॉक्स रिपब्लिकनांचं आणि एमएसएनबीसी (२०२५ पासून नाव एमएस नाऊ) डेमोक्रॅट्सचं हे आता सगळ्यांनाच माहितीये, पण बुशने इराकवर हल्ला केला तेव्हाही असंच होतं का, म्हणजे एक चॅनेल युद्धाच्या बाजूने आणि दुसरं विरोधात? मी तेव्हा शाळेत होतो, जे तिकडे होते त्यांनी सांगा प्लीज.

जर्सीची मावशी: अरे विरोधात कुणी उभंच नव्हतं, तोच तर खरा प्रॉब्लेम! फॉक्सच्या स्क्रीनवर कोपऱ्यात सतत झेंडा फडकत असायचा, आणि २००२ मध्येच त्यांनी सीएनएनला रेटिंगमध्ये मागे टाकलेलं त्यामुळे बाकीचेही त्याच वाटेने निघाले. एमएसएनबीसीवर फिल डोनाह्यू युद्धाला विरोध करणाऱ्यांना बोलवायचे, त्या चॅनेलवरचा सगळ्यात जास्त बघितला जाणारा शो होता तो, तरी फेब्रुवारी २००३ मध्ये, हल्ल्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, बंद केला. नंतर आतला एक मेमो बाहेर आला, त्यात भीती हीच की बाकीची चॅनेल्स झेंडे फडकवतायत आणि आपला शो मात्र युद्धविरोधकांचं घर होईल. मला आजही याचा राग येतो.

आकडेवाला: मेरीलँड विद्यापीठाच्या लोकांचा २००३ चा सर्व्हे बघा. इराकमध्ये महासंहारक शस्त्रं सापडली, सद्दामचे अल कायदाशी संबंध सिद्ध झाले, जगाचा या युद्धाला पाठिंबा आहे, या तीनपैकी निदान एक चुकीची गोष्ट खरी मानणारे फॉक्सच्या प्रेक्षकांत ८० टक्के, सीबीएस या जुन्या मोठ्या टीव्ही नेटवर्कच्या ७१, आणि पीबीएस-एनपीआर या सार्वजनिक टीव्ही-रेडिओवाल्यांत फक्त २३. आता फॉक्स बघून लोक तसे झाले का तसे होते म्हणून फॉक्स बघत होते हे त्यातून ठरत नाही, पण सीबीएसचा आकडा बघा, तो काही फॉक्सपेक्षा फार लांब नाहीये.

पारावरचा: बापरे. मग एमएसएनबीसी फिरलं कधी?

जर्सीची मावशी: युद्ध चिघळल्यावर. त्यांचा अँकर कीथ ओल्बरमनने २००६ च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री रम्सफेल्डवर सरळ टीका केली, प्रेक्षक वाढले, मग चॅनेलने तीच दिशा धरली. पण तोवर हजारो माणसं गेली होती रे. आणि युद्धाचं विश्लेषण करायला टीव्हीवर बसणारे ते निवृत्त जनरल आठवतात? २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की काय बोलायचं ते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पेंटागॉनच, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातंच, पुरवत होतं, काहींचे तर डिफेन्स कंपन्यांशी धंद्याचे संबंध होते, आणि हे लोक फक्त फॉक्सवर नाही, सीएनएन आणि एनबीसीवरही होते.