त्याच दिवशी सगळं येतं, तीन आठवड्यांनी पाटी कोरी. मेंदूच्या अभ्यासातलं वर्गात नक्की काय चालतं?

खडूफळा
आठवी, विज्ञान. ४० मुलं, ३५ मिनिटांची तासिका. धडा संपला त्या दिवशी विचारलं की पटापट हात वर होतात. तीन आठवड्यांनी तोच प्रश्न विचारला की निम्मा वर्ग माना खाली घालतो. उजळणी म्हणून धडा पुन्हा वाचणं, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करणं चालूच आहे. 'मेंदूविज्ञानावर आधारित अध्यापन' या नावाखाली जे ऐकायला मिळतं त्यात डावा मेंदू, उजवा मेंदू, दृश्य विद्यार्थी, श्राव्य विद्यार्थी हेच जास्त. यातलं टिकाऊ काय आणि उद्या वर्गात गेल्यावर करायचं काय?

उजळणीवाला
घोटाळा 'पुन्हा वाचण्यात' आहे. वाचलेलं ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटून आठवणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं, सराव मात्र पहिल्याचा होतो.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. सगळ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. ५ मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, लिहिणारे ७५. आठवड्याने चित्र उलटलं, वाचणारे ४२ वर आणि लिहिणारे ५६ वर. त्याच दिवशी वर झालेल्या हातांवर विसंबू नका ते एवढ्यासाठीच.

तास सुरू होताच फळ्यावर पाच प्रश्न: दोन मागच्या तासाचे, दोन मागच्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तक दप्तरात, वहीचं मागचं पान उघडं. तीन मिनिटं सगळ्यांनी गुपचूप लिहायचं. पुढची दोन मिनिटं उत्तरं फळ्यावर, मुलांनी दुसऱ्या रंगाने स्वतःच दुरुस्त करायची. गुण अजिबात द्यायचे नाहीत. दिले की शेजारच्या वहीत डोकावणं सुरू होतं आणि आठवायचं काम बंद पडतं.

प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून आहे. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?' याला घोकलेली व्याख्या येते. त्याऐवजी: 'रोप दोन दिवस अंधारात ठेवलं, मग त्याच्या पानातला हिरवा रंग काढून आयोडीन टाकलं. पान निळं-काळं होईल का? कारण लिहा.' इथे स्टार्च उजेडात तयार होतो आणि अंधारात रोप तो वापरून टाकतं, या दोन्ही गोष्टी स्वतः आठवून जोडाव्या लागतात.

फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी. तोंडी विचारलं की तेच ते सहा जण उत्तरं देतात, बाकीच्यांचा मेंदू आरामात. दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली की चुकीचं उत्तरच पक्कं होऊ शकतं. आणि निम्म्याहून जास्त वह्या कोऱ्या राहिल्या तर तो भाग मुळात समजलेलाच नाही, तिथे सराव नको, पुन्हा शिकवायला हवं.

खडूफळा
कच्च्या मुलांना रोज चुकण्याची भीती नाही का बसणार? आणि रोज पाच मिनिटं गेली तर पोर्शन कसा संपायचा?

उजळणीवाला
भीती गुणांची असते, म्हणून तर गुण नाहीत. पहिले दोन प्रश्न बहुतेकांना जमतील असे ठेवा. उत्तराशेजारी 'खात्री आहे' किंवा 'अंदाज' एवढं लिहायला लावा. खात्रीने लिहिलेलं चुकलं आणि लगेच दुरुस्त केलं, तर ती दुरुस्ती उलट जास्त लक्षात राहते. हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. पोर्शनचं म्हणाल, तर परीक्षेआधी अख्खा धडा पुन्हा शिकवण्यात जाणारे तास मोजा आणि मग ठरवा.

घनफळ
गणितवाल्यांसाठी भर. एकाच प्रकारची वीस उदाहरणं लागोपाठ देऊ नका. रोहरर आणि टेलर (२००७) यांनी घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ. सरावात प्रकारवार गट ८९ टक्के, सरमिसळ गट ६०. आठवड्याने चाचणीत प्रकारवार २०, सरमिसळ ६३! कारण सोपं आहे. शंकूच्या शीर्षकाखाली सगळी शंकूचीच उदाहरणं असली की सूत्र निवडावंच लागत नाही, आकडे घातले की झालं. परीक्षेत निवडावं लागतं. पण नवं सूत्र शिकवलं त्याच दिवशी सरमिसळ करू नका, आधी तीन-चार सोडवलेली उदाहरणं समजू द्या.

दोन उजळण्यांतलं अंतर किती, हेही विचारलं जातं. आठवड्याने लागणार असेल तर एका दिवसाचं पुरतं. वर्षभर टिकवायचं असेल तर सुमारे तीन आठवड्यांचं.

आकृतीबहाद्दर
शिकवतानाची गळतीही बघा. कार्यकारी स्मृतीत, म्हणजे विचार करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी मावतात. पचनसंस्थेच्या आकृतीवर १ ते ८ आकडे आणि नावांची यादी खाली, ही रचना घ्या. मूल '५' बघतं, खाली जातं, 'स्वादुपिंड' वाचतं, वर येतं, तोवर ५ कुठे होता ते विसरतं. नावं थेट अवयवाशेजारी लिहा, निम्मी धावपळ वाचते. पडद्यावरचा मजकूर तसाच मोठ्याने वाचून दाखवणंही टाळा. डोळे आणि कान एकाच मजकुरावर, पण वेगवेगळ्या वेगाने. पडद्यावर चित्र, तोंडी स्पष्टीकरण. तो भाग आधीच येणाऱ्या मुलांना मात्र अति बारीक पायऱ्या दिल्या की त्या उलट आड येतात.

शंकासुर
डावा-उजवा मेंदू सोडून द्या. बहुतेकांत भाषेचं बरंचसं काम डाव्या बाजूला चालतं हे खरं, पण दोन्ही अर्धगोल चेतातंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात आणि कुठलाही धडा शिकताना दोन्ही कामात असतात. दृश्य-श्राव्य प्रकारांचं तर २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी पुरावे चाळले; मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याला पुरेसा आधार सापडला नाही. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो, उच्चार सगळ्यांनाच ऐकून.

एक टोचणी, राग नसावा. वर सांगितलेलं बहुतेक सगळं मेंदूच्या स्कॅनमधून नव्हे, मानसशास्त्राच्या प्रयोगांतून आलंय. चेतापेशीपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधणं फार लांबचं आहे, असं जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच लिहिलं होतं. मेंदूविज्ञानाचा थेट उपयोग म्हणाल तर झोप: दिवसा शिकलेलं गाढ झोपेत हिप्पोकॅम्पसमध्ये (आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग) पुन्हा उजळलं जातं. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकण्याचा सल्ला देऊ नका.

खडूफळा
ठीक. पाच प्रश्न, वहीचं मागचं पान, गुण नाहीत. महिन्यापूर्वीचा प्रश्न आयत्या वेळी सुचणार नाही, तो कुठून काढायचा?

उजळणीवाला
धडा शिकवतानाच त्याचे आठ प्रश्न एका वहीत लिहून ठेवा आणि वापरला की शेजारी तारीख टाका. तीन आठवडे तारीख पडली नाही तो प्रश्न उद्याचा.